घरच्या संगणकावरील संगीत : एका निवडीचा इतिहास

परप्रांती नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबाच्या सामानात पुस्तकांच्या पेटाऱ्याइतकीच बाजाची पेटी ही ठरलेली वस्तू असे. बदलीचा हुकूम आला की ती गोणपाटात गुंडाळली जाई, आणि नव्या गावी बिऱ्हाड लागले की गणेशोत्सवाच्या पहिल्या आरतीला पुन्हा उघडली जाई. तिच्याकडून अपेक्षा दोनच असत : वाजविणाऱ्याला ती समजावी, आणि भाता हलताच तिने बोलावे. आज त्याच घरात संगणक आला आहे. मुले त्यावर चाली बांधतात, भजनी मंडळासाठी साथ तयार करतात, जुन्या नाट्यपदांच्या ध्वनिफितींतील खरखर काढतात. साहजिकच एक प्रश्न वारंवार कानी येतो : घरच्या संगणकावर संगीत करावयाचे तर साधे आणि खात्रीचे सॉफ्टवेअर कोणते घ्यावे?

या प्रश्नाला उत्तर म्हणून बहुधा नावांची एक यादी मिळते. पण अशा याद्यांचे आयुष्य पंचांगाहून फारसे मोठे नसते. दोन-चार वर्षांत त्यांतील अर्धी नावे बदललेली असतात. सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाने काय करावे याची लिहून ठेवलेली आज्ञावली. संगीताच्या आज्ञावल्यांचा इतिहास आता सत्तर वर्षांपलीकडे गेला आहे, आणि तो नेहमी सामर्थ्याच्या वाढीचा इतिहास म्हणून सांगितला जातो : आधी एक स्वर, मग तीन, मग शेकडो, आधी यंत्राचा कर्कश आवाज, मग सारा वाद्यवृंद. आम्ही तो येथे दुसऱ्या बाजूने पाहू इच्छितो. काय काय करता आले यापेक्षा काय काय टिकले हे पाहिले, तर निवडीचा प्रश्न पुष्कळसा आपोआप सुटतो असे आमचे मत आहे.

आरंभ १९५१ पासून करावा लागतो. त्या वर्षी ऑस्ट्रेलियात सिडने येथे सीसिरॅक नावाच्या संगणकाने लोकांसमोर काही धून वाजवून दाखविल्या. त्यांचे ध्वनिमुद्रण मात्र कोणी करून ठेवले नाही. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या फेरँटी यंत्रावर क्रिस्टोफर स्ट्रॅची यांनी रचलेल्या आज्ञावलीने ब्रिटनचे राष्ट्रगीत वाजविले आणि बी.बी.सी.ने ते तबकडीवर टिपून घेतले. त्या तबकडीवर आणखी दोन धून आहेत. पैकी शेवटची धून मध्येच अडखळून थांबते आणि उपस्थितांचे हसणे ऐकू येते. संगणकीय संगीताच्या अगदी पहिल्या उपलब्ध मुद्रणातच यंत्राचे बंद पडणेही नोंदले गेले आहे, ही गोष्ट सूचक म्हटली पाहिजे. खात्रीचा प्रश्न या विद्येत मागाहून आलेला नाही. तो तिच्याबरोबरच जन्मला.

ही यंत्रे केवळ एक ठोका फार वेगाने देऊन स्वर काढीत. ध्वनीची लहर आकड्यांनी रचण्याचे काम अमेरिकेत न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी केले. १९५७ साली त्यांनी ‘म्युझिक’ एवढ्याच नावाची एक आज्ञावली आय.बी.एम. ७०४ या प्रचंड संगणकासाठी लिहिली. त्यावर निघालेली पहिली रचना अवघी १७ सेकंदांची होती. संगणक न्यूयॉर्क शहरात आणि त्याने दिलेल्या आकड्यांचे ध्वनीत रूपांतर करणारे यंत्र प्रयोगशाळेत. चुंबकीय फीत गाडीत घालून आणल्यावाचून आपण काय रचले हे रचणाऱ्याला ऐकताही येत नसे. या गैरसोयीतून एक चांगली शिस्त मात्र लागली. मॅथ्यूज यांनी पुढल्या आवृत्त्यांत कामाचे दोन भाग पाडले. वाद्य कसे वाजते हे एका कागदावर, आणि त्याने कोणता स्वर केव्हा वाजवावा हे दुसऱ्या कागदावर. दोन्ही साध्या अक्षरांत आणि आकड्यांत लिहिलेले. त्याच परंपरेतून १९८६ साली मॅसेच्युसेट्स येथे बॅरी व्हर्को यांनी ‘सीसाऊंड’ ही आज्ञावली तयार केली. ती आजही चालते, आणि तिच्यासाठी अनेक वर्षांपूर्वी लिहिलेल्या रचनाही चालतात. कारण त्या कोणालाही वाचता येतील अशा साध्या मजकुरात आहेत. आमच्या कथेतील पहिला धडा तो हाच.

संगणक घरी आला तो १९७५ नंतर. त्या वर्षी अल्टेअर ८८०० नावाची एक पेटी अमेरिकेतील हौशी मंडळींना विकत मिळू लागली. तिला पडदा नव्हता, कळफलक नव्हता, आवाज काढण्याचे तर कोणतेच साधन नव्हते. होती ती पुढच्या बाजूस खटक्यांची एक रांग. स्टीव्ह डॉम्पियर या तरुणाच्या ध्यानात आले की यंत्राजवळ रेडिओ ठेवला असता यंत्राच्या चालण्याने त्यात आवाज उमटतो, आणि आज्ञांची लांबी बदलली की त्या आवाजाचा स्वर बदलतो. एप्रिल १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील हौशी संगणकमंडळाच्या सभेत त्याने यंत्र जमिनीवर मांडले आणि खटके खालीवर करीत एकेक आकडा भरला. तेवढ्यात कोणाचा तरी पाय विजेच्या तारेत अडकला, यंत्र बंद पडले आणि भरलेले सारे पुसले गेले. त्याने पुन्हा सर्व खटके मारले. मग रेडिओतून बीटल्सची एक धून ऐकू आली आणि सभेने उठून टाळ्यांचा गजर केला. वीज जाणे ही ज्यांच्या नोकरीच्या गावी नित्याची बाब आहे, अशा आमच्या वाचकांना त्या तारेची कथा अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढील सात वर्षांत चित्र पालटले. १९८२ साली कमोडोर ६४ हा घरगुती संगणक निघाला. त्याच्या पोटात रॉबर्ट यानेस यांनी आखलेली ध्वनीची एक स्वतंत्र चकती होती आणि ती एका वेळी तीन स्वर काढू शके. स्मृती होती ६४ किलोबाइट. आजच्या तबकडीच्या प्रतीचे, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचे, ध्वनिमुद्रण तेवढ्या जागेत ठेवू म्हटले तर पाऊण सेकंदही मावत नाही. म्हणून त्या काळच्या रचनाकारांनी ध्वनी साठविण्याचा नादच सोडला आणि फक्त आज्ञा साठविल्या : हा स्वर, एवढा वेळ, या आवाजात. टंचाईने त्यांना तोच मार्ग दाखविला जो आपल्याकडे स्वरलिपीने पूर्वीच स्वीकारला होता. गाणे जपावयाचे नाही. गाणे पुन्हा कसे गावे हे जपावयाचे.

याच विचाराला १९८३ मध्ये सार्वत्रिक रूप मिळाले, आणि घरगुती संगीताच्या इतिहासात त्याहून महत्त्वाची घटना आम्हांस दिसत नाही. तोवर प्रत्येक कंपनीचे विद्युत्-वाद्य आपल्याच कंपनीच्या वाद्याशी बोले. कॅलिफोर्नियातील सीक्वेन्शियल सर्किट्स या कंपनीचे डेव्ह स्मिथ यांनी १९८१ साली सर्व वाद्यांची एक समान भाषा असावी अशी सूचना एका निबंधातून मांडली होती. जपानच्या रोलँड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी हेही त्याच विचाराचे होते. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील वाद्यव्यापाऱ्यांच्या प्रदर्शनात या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये एका साध्या तारेने जोडण्यात आली. एकाची पट्टी दाबली आणि स्वर दुसऱ्यातूनही निघाला. या भाषेचे नाव मिडी. तिची लिखित संहिता त्याच वर्षी प्रसिद्ध झाली आणि ती वापरण्यासाठी कोणाकडूनही परवान्याचे शुल्क घ्यावयाचे नाही असे ठरले. दोघांनाही या कार्यासाठी २०१३ साली तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला. पुढे २०१७ मध्ये काकेहाशी आणि २०२२ मध्ये स्मिथ निवर्तले.

मिडीची रचना पाहिली म्हणजे तिच्या गरिबीचे आश्चर्य वाटते. पाच टाचण्यांची एक खुंटी, सेकंदाला ३१,२५० बिंदूंचा वेग, सोळा वाहिन्या, स्वरांना शून्यापासून १२७ पर्यंतचे क्रमांक. पट्टी दाबली की तीन बाइटांचा एक संदेश जातो : कोणत्या वाहिनीवर, कोणता स्वर, किती जोराने. पट्टी सोडली की दुसरा संदेश. एका संदेशाला सुमारे एक सहस्रांश सेकंद लागतो. तीन हजार स्वरांचे गाणे या पद्धतीने पंचवीस-तीस किलोबाइटांत बसते. तेच पाच मिनिटांचे गाणे ध्वनी म्हणून तबकडीच्या प्रतीत साठविले तर पन्नास मेगाबाइटांहून अधिक जागा घेते. अशी ही तुटपुंजी भाषा. तथापि १९८३ चे वाद्य आजच्या संगणकाला एका लहानशा जोडणीने लावले तर तो त्याचे बोलणे समजून घेतो. त्या वर्षीच्या इतर कोणत्या संगणकीय वस्तूविषयी असे म्हणता येईल?

येथे आपल्या संगीताच्या बाजूने एक आक्षेप निघतो आणि तो गंभीर आहे. मिडीने सप्तकाचे बारा भाग धरले आणि प्रत्येकाला क्रमांक दिला. मग मींड कोठे गेली? दरबारीचा आंदोलित गंधार कोणत्या क्रमांकात बसवावयाचा? स्वर वाकविण्याची एक आज्ञा मिडीत आहे आणि तिचे १६,३८४ टप्पे आहेत; पण ती आज्ञा त्या वाहिनीवरच्या सर्व स्वरांना एकदमच लागू होते. प्रत्येक स्वराला स्वतंत्र वळण देण्याची सोय मान्य संहितेत यावयास २०१८ साल उजाडले, आणि मिडीची दुसरी आवृत्ती स्वीकारली गेली ती २०२० मध्ये. आक्षेप खरा आहे, पण तो आपल्या ओळखीचाही आहे. हाच आरोप पेटीवर झाला होता. श्रुतींचा घात करणारे परदेशी वाद्य म्हणून ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीला आपल्या केंद्रांत बंदी केली आणि ती बंदी १९७१ पर्यंत शिथिल झाली नाही. तेवढ्या काळात पेटी घराघरांतून, देवळांतून आणि रंगभूमीवरून हलली नाही. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंताने तिच्या बारा पट्ट्यांतून काय काढून दाखविले हे महाराष्ट्राने त्याआधीच ऐकले होते. साधन अपुरे असणे वेगळे आणि साधन निरुपयोगी असणे वेगळे. ज्याची मर्यादा उघड दिसते त्या साधनाला कलावंत वळसा घालू शकतो. ज्याची मर्यादा झाकलेली असते ते साधन ऐन मैफलीत दगा देते.

मिडी आली तेव्हा तिचा घरी उपयोग करून घेणारी आज्ञावलीही हवी होती. १९८५ साली निघालेल्या अटारी एस.टी. या स्वस्त संगणकाला मिडीच्या खुंट्या कारखान्यातूनच बसविलेल्या होत्या, आणि केवळ एवढ्या कारणाने तो युरोपातील संगीतकारांच्या खोलीत जाऊन बसला. हँबुर्ग येथे कार्ल स्टाइनबर्ग आणि मानफ्रेड र्‍युरुप यांनी १९८४ मध्ये स्थापिलेल्या कंपनीने १९८९ साली या यंत्रासाठी ‘क्युबेस’ नावाची आज्ञावली काढली. तीत काळ डावीकडून उजवीकडे वाहतो आणि प्रत्येक वाद्याची आडवी पट्टी खाली खाली मांडलेली असते. गाणे प्रथमच एका दृष्टिक्षेपात पाहता येऊ लागले. ही मांडणी इतकी स्वाभाविक ठरली की आजची बहुतेक आज्ञावली तशीच दिसते. मात्र चोरट्या प्रती निघू नयेत म्हणून या आज्ञावलीबरोबर एक लहानशी कळ येई. ती यंत्रात खोचल्यावाचून आज्ञावली उघडत नसे. कळ हरवली की पैसे भरून घेतलेली वस्तूही कुलूपबंद. विक्रेत्याची अडचण आम्हांस समजते; परंतु आपले काम आणि आपण यांच्यामध्ये एक तिसरा चावीवाला उभा राहण्याची पद्धत येथपासून रूढ झाली, हे नोंदून ठेवले पाहिजे.

त्याच सुमारास दुसऱ्या एका यंत्रावर अगदी निराळी गोष्ट घडत होती. १९८७ च्या अखेरीस कार्स्टेन ओबार्स्की या जर्मन तरुणाने अमिगा या संगणकासाठी ‘अल्टिमेट साऊंडट्रॅकर’ ही आज्ञावली लिहिली. हेतू होता खेळांना संगीत देण्याचा. तीत स्वर वरून खाली उतरतात, जमाखर्चाच्या वहीतील नोंदींप्रमाणे. चार स्तंभ, म्हणजे एका वेळी चार आवाज. एका पानावर चौसष्ट ओळी. आपल्या तालांशी याचे नाते पाहण्यासारखे आहे. तीनतालाच्या सोळा मात्रांना प्रत्येकी चार ओळी दिल्या तर पान बरोबर भरते. झपतालाच्या दहा मात्रांना ते सैल पडते, पण पान मध्येच तोडण्याची आज्ञा पुढील आवृत्त्यांत आली आणि तीही अडचण मिटली. आज्ञावली बाजारात फारशी चालली नाही. मात्र इतर तरुणांनी ती उकलून पाहिली, सुधारली, पुन्हा सुधारली आणि एकमेकांना फुकट वाटली. तिच्या फाइलीचे वैशिष्ट्य असे की चीज आणि वाद्य दोन्ही तिच्यातच असतात. वाद्यांच्या आवाजाचे छोटे तुकडे आणि स्वरांच्या नोंदी मिळून शे-दोनशे किलोबाइटांचे एक गाठोडे होते. बरोबर दुसरे काहीच न्यावे लागत नाही. अमिगा बनविणारी कमोडोर कंपनी १९९४ साली बुडाली. ती गाठोडी मात्र आजच्या कोणत्याही संगणकावर, ओपन-एम-पी-टी सारख्या मोफत आज्ञावलीत, जशीच्या तशी उघडतात आणि वाजतात. वीस-बावीस वर्षांच्या पोरांनी हौसेने केलेले काम धनाढ्य कंपन्यांच्या कामापेक्षा अधिक टिकले.

आता त्या कंपन्यांकडे वळू. कॅलिफोर्नियातील ऑपकोड कंपनीने १९९० च्या सुमारास मिडीचे स्वर आणि खरा ध्वनी एकाच पडद्यावर आणण्याचा पराक्रम केला होता. १९९८ साली ती गिब्सन या गिटारच्या प्रसिद्ध कंपनीने विकत घेतली आणि पुढल्याच वर्षी तिचे काम थांबले. जर्मनीतील एमॅजिक कंपनीची ‘लॉजिक’ ही आज्ञावली दोन्ही प्रकारच्या संगणकांवर चाले. जुलै २००२ मध्ये ॲपलने ती कंपनी घेतली आणि विंडोज वापरणाऱ्यांसाठी तिचे दार बंद केले. ‘केकवॉक’ ही १९८७ पासून चालत आलेली आज्ञावली २०१३ मध्ये गिब्सनकडे गेली, नोव्हेंबर २०१७ मध्ये बंद झाल्याचे जाहीर झाले, आणि २०१८ साली सिंगापूरच्या बँडलॅबने ती उचलल्यामुळे वाचली. पाश्चात्त्य स्वरलिपी छापण्यात अग्रेसर असलेली ‘फिनाले’ १९८८ पासून छत्तीस वर्षे चालली; ऑगस्ट २०२४ मध्ये तिच्या चालकांनी ती थांबविल्याचे घोषित केले. यांतील एकही आज्ञावली वाईट होती म्हणून गेली नाही. उलट या सर्व आपापल्या काळी उत्तम म्हणून गणल्या जात. त्या गेल्या मालकी बदलल्यामुळे, हिशेब न जुळल्यामुळे, जुन्या इमारतीची डागडुजी नव्या इमारतीहून महाग पडू लागल्यामुळे. ज्यांनी आपले आयुष्यभराचे काम त्या त्या आज्ञावलीच्या खास फाइलीत ठेवले होते, त्यांच्यापुढे एकच प्रश्न उरला : यातून ते बाहेर कसे काढावयाचे?

महाराष्ट्राला या प्रश्नाचा अनुभव आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीतील असंख्य कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. कागद शाबूत आहे, शाई बोलकी आहे, लिहिणाऱ्याचा हात वळणदार आहे. पण लिपी व्यवहारातून गेली आणि वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या थोड्या वर्षांत त्या दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढले, तेव्हा त्यांतील इतिहास अभ्यासकांच्या हाती आला. नष्ट झालेला कागद आणि न वाचता येणारा कागद यांत वारसाच्या दृष्टीने फारसा फरक नसतो. संगीताच्या फाइलीचेही तसेच आहे. मोडी वाचावयाला निदान शिकता तरी येते. गुप्त ठेवलेली, मालकाने कोठेच न उलगडलेली फाइल वाचावयाला शिकविणारा कोणी नसतो.

हे दुखणे ओळखूनच काही मंडळींनी दुसरा मार्ग धरला. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी ‘ऑडॅसिटी’ ही ध्वनिमुद्रण आणि संपादनाची आज्ञावली २००० साली प्रसिद्ध केली. तिचा मूळ मजकूर कोणीही वाचावा, बदलावा, वाटावा असा उघडा ठेवला. वर्नर श्वीर यांनी २००२ मध्ये ‘म्यूझस्कोअर’ या स्वरलेखनाच्या आज्ञावलीस आरंभ केला, ‘एल.एम.एम.एस.’ ही चाली रचण्याची आज्ञावली २००४ च्या सुमारास आली. उघड्या मजकुराचा लाभ फुकटपणात नाही. तो असा की मालक बदलला तरी काम अडत नाही. २०२१ साली ऑडॅसिटी एका कंपनीच्या हाती गेली आणि वापरणाऱ्यांची माहिती गोळा करण्याची योजना पुढे आली, तेव्हा जगभर गिल्ला झाला आणि ती मूळ योजना मागे घेतली गेली. मजकूर सर्वांच्या हाती असल्याने वेगळी चूल मांडण्याची धमकी पोकळ नव्हती. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की साधेपणाचा मक्ता केवळ या मंडळींकडे नाही. ॲपलने २००४ मध्ये काढलेली ‘गॅरेजबँड’ ही आज्ञावली बंद मजकुराची आहे आणि ॲपलच्याच यंत्रांवर चालते. पण नवशिक्याच्या हाती पहिल्या तासात एक गाणे देण्याची तिची हातोटी मान्य करावी लागेल.

हा सारा इतिहास समोर ठेवला म्हणजे एका जुन्या, आणि सर्वस्वी मराठी, निवडीची आठवण होते. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापिले. विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नाने १९२६ साली लखनौस मॅरिस कॉलेज उभे राहिले. दोघेही परमुलखात जाऊन काम करणारे मराठी पुरुष. दोघांनीही स्वरलिपी तयार केली. पलुस्करांच्या लिपीत मात्रेच्या अंशांसाठी निरनिराळी चिन्हे आहेत आणि ती अधिक काटेकोर आहे. भातखंडे यांनी चिन्हे थोडी ठेविली : कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्राला खाली बिंदू, तारसप्तकाला वर, एका मात्रेतील स्वरांखाली एक चंद्रकोर. मींड, गमक, कणस्वर यांचे पुरते चित्र तीत उतरत नाही हे तेही जाणून होते. परंतु ती लिपी साध्या छापखान्यात छापता येई, पोस्टकार्डावर लिहिता येई, आणि मॅट्रिकच्या मुलाला थोडक्या दिवसांत वाचता येई. उत्तर हिंदुस्थानभर ती पसरली आणि तिच्यामुळे शेकडो चिजा जिवंत राहिल्या. गुरुमुखाची जागा तिने घेतली नाही. गुरू नसेल तेथे वस्तू हरवू दिली नाही. साधेपणाचे याहून मोठे समर्थन आम्हांस ठाऊक नाही.

तेव्हा निवड कशी करावी? कचेरीत काम करणाऱ्याला याची कसोटी नवी नाही. उत्तम फाइल कोणती? लिहिणारा अधिकारी बदलून गेला, आणि त्याच्या जागी आलेल्या अनोळखी माणसाने ती उघडली, तर कोणालाही न विचारता त्याला विषय समजला पाहिजे. संगीताच्या आज्ञावलीला हीच कसोटी लावावी. ती घेण्यापूर्वी तिच्यातून काम बाहेर कसे निघते ते आधी पाहावे. रचलेले स्वर मिडी फाइल म्हणून निघतात काय? ध्वनी १९९१ पासून सर्वत्र चालणाऱ्या वेव्ह या साध्या स्वरूपात निघतो काय? पाश्चात्त्य स्वरलिपी असेल तर म्युझिक-एक्स-एम-एल या उघड्या स्वरूपात देता येते काय? तिन्हींना होकार असेल तर ती आज्ञावली उद्या बुडाली तरी आपण बुडत नाही. नकार असेल तर तिच्या हजार वाद्यांनी भुलू नये.

दुसरी कसोटी दूरच्या नेमणुकीची. तारायंत्र तुटलेले, इंटरनेट गेलेले, वीज येऊन-जाऊन. अशा दिवशी ती उघडते काय? महिन्याच्या महिन्याला वर्गणी मागणारी, आणि दर वेळी दूरच्या कचेरीकडून ओळख पटवून घेणारी आज्ञावली राजधानीत शोभते, सरहद्दीवरच्या ठाण्यात नाही. वीज गेली असता शेवटचे काम ती स्वतः जपून ठेवते काय, हे पहिल्याच आठवड्यात मुद्दाम तपासून पाहावे. डॉम्पियरला सर्व खटके पुन्हा मारता आले, कारण त्याची धून लहान होती. तिसरी कसोटी आपल्या स्वतःच्या कुवतीची. ज्याला केवळ गायन मुद्रित करावयाचे त्याने ऑडॅसिटी घ्यावी आणि तेथेच थांबावे. ज्याला चाल लिहून छापावयाची त्याला म्यूझस्कोअर पुरे. ज्याला चार वाद्यांची साथ रचावयाची त्याने एल.एम.एम.एस. किंवा गॅरेजबँड यांपैकी आपल्या यंत्रावर चालेल ते घ्यावे. आणि ज्याला फक्त चिजा जपावयाच्या आहेत, त्याने भातखंडे लिपीत देवनागरी युनिकोडमध्ये साध्या मजकुराची फाइल करावी. तिच्याइतके दीर्घायुषी सॉफ्टवेअर अद्याप कोणी लिहिलेले नाही.

या कसोट्यांनी काही गोष्टी हातच्या जातात हे आम्ही लपवू इच्छित नाही. महागड्या आज्ञावल्यांतील तंबोऱ्याचा झंकार अधिक खरा वाटेल, तबल्याचा बायाँ अधिक घुमेल. व्यावसायिक संगीतकाराला ते लागते, आणि तो ते घेतो. पण घरच्या संगीताचे मोल निराळे असते. आईने गायिलेली मंगळागौरीची गाणी, आजोबांनी सांगितलेली एखाद्या कीर्तनकाराची चाल, परगावी वाढलेल्या मुलीने मराठी शब्दांना लावलेला तिचा पहिला स्वर : यांची दुसरी प्रत जगात कोठेही नसते, आणि बाजारात तिला किंमतही नसते. म्हणूनच ती टिकविण्याची जबाबदारी दुसरे कोणी घेणार नाही. त्या स्वराला साथ थोडी रुक्ष मिळाली तर चालेल. वीस वर्षांनी त्या मुलीला, तेव्हा ती ज्या गावी आणि ज्या यंत्रापुढे बसली असेल तेथे, तो उघडून ऐकता आला पाहिजे.